व्हाया

भाऊ प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत पास लिहायचे.
एकतीस वर्षं. कार्बन घालून.
नाव, हुद्दा, नातं, कुठून, कुठवर, कोणत्या मार्गानं.
खलाशी इब्राहिमच्या बायकोला अजमेर,
गार्ड डिकोस्टांना मडगाव,
नुकत्याच लग्न झालेल्या टीसीला थेट जम्मूतावी.
अक्षर असं, की तपासनीस
आधी अक्षर बघायचा, मग माणूस.

त्यामुळे आमच्या घरी हा शब्द
माठावरच्या भांड्यासारखा,
कुणीही उचलावा, उष्टं म्हणू नये.
श्रीरंग गणितात पास झाला
म्हणजे पस्तिसातले चार बाईंनी पदरचे घातले.
कोकिळाबेनचा मूतखडा पास झाला
तेव्हा तिनं अख्ख्या पोळात पेढे वाटले,
आणि श्रीरंगनं विचारलं, तिला किती टक्के?
स्कूटर आली, तर हार घालण्याआधी तिचं पासिंग.
रस्त्याचं बिल नगरपालिकेत पास झालं,
रस्ता तसाच राहिला.

रविवारी सुरसागरच्या कट्ट्यावर पत्ते.
हातात राणी असो की एक्का,
बोली आली की भाऊ थांबायचे,
चष्मा पुसायचे, म्हणायचे, पास.
"अहो ताम्हणे, मग पानं घेता कशाला?"
"बघायला."

आईला पुरीला जायचं होतं.
समुद्रासाठी; देव काय, दांडिया बाजारातही आहेत.
दर वर्षी पास निघायचा,
दर वर्षी दुसरं काहीतरी निघायचं.
श्रीरंगची मुंज. आत्याचं ऑपरेशन. ऑडिट.
मुदत टळलेला कागद भाऊ
गव्हाच्या डब्यावरच्या वहीत ठेवायचे,
आणि आई त्या रात्री काही बोलायची नाही,
भाकरी तेवढी जरा जास्त वेळ थापायची.

सोळाव्या वर्षी मला गरब्याचा पास हवा होता,
मोठ्या मैदानाचा, गळ्यात अडकवायचा.
हेतल, नियती, सगळ्यांकडे होता.
भाऊ म्हणाले, त्यात काय, लिहून देतो.
आणि दिला. कचेरीच्या रद्दीच्या पाठकोऱ्या बाजूवर,
शाईनं, रेघ न चुकवता:
कु. मृणाल, कन्या,
बडोदा ते बडोदा, व्हाया आणंद.
मी चुरगाळून मोरीत टाकला.
त्यातला विनोद मला तिशी उलटल्यावर कळला,
रात्रीच्या गाडीत, आणंदलाच,
चहावाला खिडकीवर टकटक करत असताना.

सयाजी हॉस्पिटलात एका पेशंटला एकच पास.
पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकमधला, कुणाच्या तरी हळदीचं बोट लागलेला.
आई खाली आली की मी वर,
जिन्यात हातातून हातात.
भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला.
"ना नाव, ना नातं," म्हणाले,
"असल्या कागदावर मी सही केली नसती."

रात्रपाळीची नर्स आली, सलाईन बघत म्हणाली,
"दादा, राते पासे कोण रहेशे?"
सबंध जन्म बडोद्यात गेला होता,
हा शब्द काही नवा नव्हता.
पण भाऊ बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"पासे," मग मला म्हणाले. "म्हणजे जवळ.
आणि मी बघ, माणसं लांब पाठवत बसलो."
मी स्टूल ओढून घेतलं.
त्याचा एक पाय आखूड होता,
रात्रभर टकटक वाजत राहिला.

श्रीरंगनं टोरांटोहून सगळ्यांना इंग्रजीत कळवलं,
दोनच ओळी, वर बाबांचा जुना फोटो.
आईनं फोन लांब धरला,
एकेक अक्षर लावत गेली,
त्या शब्दावर बोट थांबलं.
"व्हाया लिहिलं नाही," म्हणाली,
आणि पदरानं चष्मा पुसायला घेतला.
भाऊंचा.